मनोरा आणि कानाशीं धरलेला फोन

पौडापासून ताम्हिणीपर्यंतच्या डोंगरांत मोबाईलचा मनोरा उभारावयाचा म्हटलें, कीं एकास भाडें दिसतें, दुसऱ्यास रोगाचें भय वाटतें. आमच्या मतें दोघांनींही आधीं मोजमाप पाहावें.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें २०११ सालीं या लहरी ‘कदाचित् कर्कजनक’ वर्गांत घातल्या. म्हणजे दोष शाबीत नाहीं, पण संशयही फिटलेला नाहीं. केंद्र सरकारनें खबरदारी म्हणून १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दशांशावर आणली, व फोनाकरितां शरीराच्या दर किलोस १.६ वॅट ही मर्यादा घातली. बहुतेक फोनांवर *#०७# दाबलें असतां त्या फोनाचा आंकडा दिसतो.

मनोरा दूर व डोंगर आड असला, म्हणजे फोनास अधिक जोरानें लहरी फेंकाव्या लागतात, आणि फोन तर कानाशींच असतो. तेव्हां मनोरा हांकलून भय जात नाहीं. अशा ठिकाणीं बोलणें थोडक्यांत आटोपावें, अथवा फोन कानापासून दूर धरावा.

तथापि मर्यादा कागदावरच राहिल्यास व्यर्थ होय. कंपनीनें दूरसंचार विभागास दिलेल्या मर्यादापालनाच्या दाखल्याची नक्कल करारापूर्वीं मागून घ्यावी. शंका उरल्यास फी भरून मोजणी मागण्याची सोय २०१७ सालीं ‘तरंग संचार’ या सरकारी व्यवस्थेनें झाली आहे. सातबारा पाहिल्यावांचून जो शेतकरी जमीन घेत नाहीं, त्यानें दाखला पाहिल्यावांचून ती मनोऱ्यास कां द्यावी?