फॉरमॅट मारलं, आवाज आला!

परवा कपिलधारहून मामाचा फोन. "लॅपटॉपचा आवाजच गेला होता रे. दुकानातून नीट करून आणला. विंडोज उडालं होतं म्हणे."

काळजात चर्र झालं. "फॉरमॅट मारलं का?"

"हो. आता मस्त वाजतंय."

वाजेल हो, पण वाजवायचं काय? आजोबांच्या आवाजातलं मन्मथस्वामींच्या 'परमरहस्या'चं पारायण त्याच लॅपटॉपवर होतं. आजोबा आता नाहीत. दुसरी कॉपीही नाही.

खोदून विचारल्यावर कळलं, आदल्या संध्याकाळी मनी कीबोर्डवर बसली होती. (मनी म्हणजे मांजर. तिला ऊब हवी, तिची काय चूक?) हल्ली बऱ्याच लॅपटॉपवर वरच्या ओळीतलं म्यूटचं बटण एफएन न दाबताच चालतं. एक पंजा, खेळ खल्लास! कॅप्स लॉकला दिवा आहे, मामाच्या लॅपटॉपवर म्यूटला नाही. खाली कोपऱ्यात स्पीकरच्या चित्राशेजारी एवढीशी फुली येते. साठीच्या माणसाला ती दिसणार?

दुकानदाराला दिसायला हवी होती. पण गंमत बघा, फॉरमॅटनंतर सेटिंग्ज मूळपदावर येतात, म्यूट निघतं, आवाज येतो आणि रोगाचं निदान बरोबर ठरतं!

अरे, आधी ती फुली बघा. मग आवाज भलत्याच ब्लूटूथ हेडफोनला किंवा टीव्हीला तर जात नाही ना, ते बघा. मग ड्रायव्हर. फॉरमॅट मारायचंच असेल तर आधी बॅकअप घ्या, मालकाला विचारा.

आणि फक्त दुकानदाराला कशाला बोलू? हापिसात आपण लॉग वाचल्याशिवाय सर्व्हरला हात लावत नाही. घरच्यांना मात्र फोनवर "फॉरमॅट मार ना, कटकट मिटेल". गेल्या दिवाळीत काकाला मीच सांगितलं होतं.

अमेरिकेतल्या ख्रिस निस्वँडरनं मांजराची पावलं ओळखून कीबोर्ड अडवणारं 'पॉसेन्स' नावाचं सॉफ्टवेअर बनवलं, त्याला २००० साली इग नोबेल मिळालं. म्हणजे थट्टेचा पुरस्कार. कॉलेजात वाचून मीही खूप हसलो होतो.

शनिवारी गाडी काढली. मांजरसुंब्याच्या पाटीवर एरवी पीजे मारला असता. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. पण आत एसएसडी, ट्रिम चालू. पुसलेलं तिथून परत मिळणं जवळपास अशक्यच. काही मिळालं नाही.

कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत आजोबांशेजारी बसणाऱ्या कुणाच्या मोबाइलमध्ये एखादा तुकडा असेल, म्हणून मामा आता घरोघर विचारत फिरतोय.