पट्टीचा ताळा



भात झोडून झाले, पोती भिवंडीच्या व्यापाऱ्याकडे उतरली आणि हातात पट्टी आली. आकडे मोठे, त्यात टेम्पोवाल्याची घाई. आपण शेवटची रक्कम वाचतो, ‘बरोबरच असेल’ म्हणतो आणि पट्टी खिशात घालतो. थोडे थांबा. जुन्या लोकांना ठाऊक असलेला नवाचा ताळा काढून पाहा.

समजा, भात ३७ क्विंटल आणि भाव २,३०० रुपये. प्रत्येक संख्येतले अंक मिळवा, एकच अंक उरेपर्यंत. ३ आणि ७ दहा, दहाचा १. २,३०० चे ५. एक पाचे ५. आता पट्टीवरची रक्कम ८५,१०० असेल तर ८, ५, १ मिळून १४, म्हणजे ५. ताळा जमला. ८४,१०० लिहिले असतील तर ४ येतील. कुठेतरी चूक आहे; पुन्हा गुणाकार करायला सांगा.

हे जमते कसे? १०, १००, १००० यांना नवाने भागले की बाकी १ च उरते. म्हणून संख्या कितीही मोठी असो, तिची नवाने उरणारी बाकी अंकांच्या बेरजेतच सापडते.

मोठ्या संख्येची भीती मुलांनाही वाटते. त्यांना हा खेळ द्या. ११ गुणिले ११ म्हणजे १२१. १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१. असे करत नऊ एकांच्या संख्येला तिनेच गुणले की १२३४५६७८९८७६५४३२१ येते. जिना चढला आणि उतरला! या सतरा अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९. नऊ एकांची बेरीजही ९, नवे नवे ८१, पुन्हा ९. ताळा जमला. दहा एक घेतले तर मात्र हातचा येतो आणि जिना मोडतो.

अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिले द. रा. कापरेकर यांनी. कल्याणच्या अलीकडच्या डोंबिवली स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून स्टेशनाचेच नाव दिले. १९०५ साली डहाणूला जन्मलेले हे गृहस्थ देवळालीला शाळामास्तर होते. खडू-फळ्यावर संख्यांशी खेळत त्यांनी जगात नाव मिळवले.

एक सावधगिरी मात्र बाळगा. ८५,१०० च्या जागी ८१,५०० लिहिले तर अंक तेच, फक्त जागा बदलली. ताळा जमेल आणि ३,६०० रुपये जातील! म्हणजे ताळा चुकला तर हिशेब नक्की चुकला; ताळा जमला तरी अंकांच्या जागा एकदा डोळ्यांखालून घाला.

यंदा पट्टी घरी आली की शाळेत जाणाऱ्या लेकीच्या हाती द्या. ताळा तिलाच काढू द्या.