कुंपण नको, कट्टा हवा

वस्तीच्या मधला चौक कुंपणात घ्यावा, दुकाने आणि फेरीवाले दूर ठेवावेत, म्हणजे तो सुरक्षित राहील, असे अनेक रहिवासी कळकळीने सांगतात. त्यांची काळजी खरी आहे, उपाय मात्र उलटा आहे. न्यूयॉर्कचे ब्रायंट पार्क भर शहरात असूनही रस्त्यापेक्षा उंच आणि कठड्या-झुडपांआड दडलेले होते. १९७० च्या दशकात तिथे अमली पदार्थ विकणाऱ्यांनी ठाण मांडले. आडोसा हेच दुखणे आहे, असे निदान विल्यम व्हाइट या अभ्यासकाने केले. मग वाटा रुंद झाल्या, झुडपे हटली, खाण्याचे ठेले आणि हलवता येणाऱ्या खुर्च्या आल्या. १९९२ मध्ये बाग पुन्हा उघडली आणि माणसांनी भरून गेली. पहारा आणि देखभालही वाढली होती, हे मान्य. पण चार माणसांना बसावेसे वाटत नाही ती जागा नुसत्या पहाऱ्याने जिवंत होत नाही.

दादरच्या शिवाजी पार्कचा बुटका कट्टा हीच मैदानाची हद्द आणि तेच बसायचे आसन. रस्त्यापलीकडे राहती घरे, जवळच मंदिर, ग्रंथालय आणि खाण्याची दुकाने. पहाटेचे फिरणारे निघून गेले की क्रिकेटची पोरे येतात, संध्याकाळी म्हातारी माणसे गप्पांना बसतात. उलट चंदीगडच्या सेक्टर १७ मध्ये पादचाऱ्यांसाठी प्रशस्त चौक आहे, पण भोवती दुकाने आणि कचेऱ्याच. राहती घरे नाहीत. म्हणून कामाची वेळ संपली की तो ओस पडतो. वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कामांसाठी माणसे यावीत, हीच चौकाची खरी राखण.

गोंगाट होईल, ही हरकत रास्त आहे. तिला उत्तर वेळेच्या बंधनाचे, बंदीचे नव्हे. फेरीवाल्यांमुळे घाण होते म्हणावे, तर त्यांच्यासाठी ओटे, नळ, सांडपाण्याची वाट आणि कचऱ्याची सोय आपण नकाशात दाखवतो कुठे? २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना दिल्या आहेत. चौक आखतानाच त्यांना विचारले पाहिजे. आणि गाड्या लावायला चौकच हवा, हा हट्ट तर सोडूनच द्यावा.

प्रारूप विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध होतो. तुमच्या शहराचा होईल तेव्हा आपल्या वस्तीचा चौक त्यात शोधा, आणि तिथे कट्टा, ओटे आणि वर घरे असलेली दुकाने हवीत, असे लेखी कळवा.