सुट्टी हा उपकार नव्हे!

परदेशात दुसऱ्याची लेकरे सांभाळावयास गेलेल्या मराठवाड्याच्या भगिनीस ते नवे शहर पाहण्याचा हक्क आहे की नाही? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या करार क्रमांक १८९ ने तो मानला आहे : आठवड्यास सलग २४ तास विश्रांती, त्या वेळी मालकाच्या घराबाहेर पडण्याची मोकळीक, पासपोर्ट स्वतःच्या हाती. भारताने कराराच्या बाजूने मत दिले. अनुसमर्थन मात्र नाही! उलट, दहावी न झालेल्या ३० वर्षांखालील स्त्रीस आखातात घरकामास जाण्याची बंदी. बंदीने पोटाची भूक थांबत नाही. दलालांचे मात्र फावते. इकडे महाराष्ट्राच्या २००८ च्या कायद्याने घरेलू कामगारांना कल्याण मंडळ दिले, साप्ताहिक सुट्टी नव्हे. साथींनो, क्रांती चौकातील पुढील मोर्चाची घोषणा एकच : बंदी नको, हक्क द्या!