मशीन मोठं, गिऱ्हाईक लहान

आपल्या मासिकात दरवर्षी कॅम्पस, मेसचं जेवण आणि पहिला पाऊस यांच्यावर लेख येतात. या वर्षी मी जरा वेगळाच विषय घेतोय. विषय आहे बॅकहो लोडर! म्हणजे गावाकडे ज्याला सरसकट 'जेसीबी' म्हणतात ते, मग कंपनी कोणतीही असो. जोसेफ सिरिल बॅमफोर्ड या माणसाच्या नावाची ती तीन अक्षरं. १९४५ साली त्याने इंग्लंडमध्ये धंदा सुरू केला आणि १९७९ पासून त्या कंपनीची मशीन्स आपल्याकडे बल्लभगडला तयार होऊ लागली. आज आपल्याकडे ते नाव कंपनीचं न राहता वस्तूचंच झालंय. म्हणूनच आधी सांगून टाकतो, पुढे जे लिहिलंय ते कोणत्या कंपनीबद्दल किंवा कोणत्या डीलरबद्दल आहे हे मी सांगणार नाही. नावं महत्त्वाची नाहीत, आपण काय चुकलो ते महत्त्वाचं. आणि यात सगळ्यात मोठी चूक माझीच आहे.

आमचे चुलते, आप्पा, मोहोळ तालुक्यात राहतात. अकरा वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर ऑपरेटर होते. शेततळी, विहिरींचा गाळ, पाइपलाइनच्या चाऱ्या, सगळी कामं केली. हात असा की बकेटच्या दाताने काडेपेटी उचलतील. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलं, आता स्वतःचं मशीन घ्यायचं. मी तेव्हा सेकंड इयरला होतो. डीलरकडे जाताना आप्पा म्हणाले, "चल रं, तू इंजिनेर हायेस. तुला कळतंय त्यातलं."

आता खरं सांगतो, मला काय कळत होतं? फ्लुइड मेकॅनिक्स नुकतंच सुटलं होतं. पण छाती फुगली. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

शोरूममध्ये एसी होता, चहा आला, बिस्किटं आली. सेल्समन आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल, बोलायला गोड. त्याने आप्पांना पहिल्याच वाक्यात 'मालक' म्हटलं. अकरा वर्षांत आप्पांना कुणी मालक म्हटलं नव्हतं. मी बाजूला बसून बघत होतो, आप्पांचा चेहराच बदलला. ते खुर्चीत जरा ताठ बसले. मला वाटतं, सौदा तिथेच झाला होता. बाकी सगळे कागद होते.

मग माझी पाळी. मी विचारलं, इंजिन किती एचपी? टॉर्क किती आरपीएमला मिळतो? बकेटची ब्रेकआउट फोर्स किती? पंप गिअर टाइप की पिस्टन? सेल्समनने सगळ्याची उत्तरं दिली आणि वर "साहेबांचा अभ्यास चांगला आहे" असंही म्हणाला. आप्पांनी अभिमानाने माझ्याकडे पाहिलं.

वाचकहो, त्या दिवशी मी जे विचारलं ते सगळं माहितीपत्रकात छापलेलंच होतं. आणि जे विचारायला पाहिजे होतं ते त्यात कुठेही नव्हतं!

पहिली गोष्ट व्याजाची. मशीनची किंमत साधारण तीस लाख. सहा लाख आप्पांचे (त्यात काकूंचे दागिने आले), चोवीस लाख कर्ज. सेल्समन म्हणाला, "मालक, फक्त सात टक्के फ्लॅट." सात टक्के ऐकून आम्ही खूश. चार वर्षांचं व्याज ६ लाख ७२ हजार, एकूण ३० लाख ७२ हजार, भागिले ४८, म्हणजे महिन्याला ६४ हजार हप्ता. गणित बरोबर. पण फ्लॅट म्हणजे काय? तुम्ही हप्ते फेडत जाता, मुद्दल कमी होत जाते, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण चोवीस लाखांवरच. तोच हप्ता घटत्या शिलकीवर मांडला तर दर साडेबारा टक्क्यांच्याही वर जातो. हे काढायला न्यूटन-रॅफसन लागते. आपल्याला एम-थ्रीला होती, मी त्यात चौदापैकी बारा मार्क पाडले होते. पण परीक्षेच्या बाहेर ती वापरायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नाही. आता १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा छोट्या उद्योगांच्या कर्जाला सगळे खर्च धरून खरा वार्षिक दर एका कागदावर लिहून द्यावा लागतो. तो कागद मागा. सहीच्या आधी मागा.

दुसरी गोष्ट तासांची. सेल्समनने कॅल्क्युलेटरवर दाखवलं, रोज दहा तास, महिन्याला तीनशे तास. आप्पांना माहीत होतं की आमच्या काळ्या रानात पाऊस पडला की चाक रुततं आणि दोन महिने मशीन झाडाखाली उभं राहतं. पण 'मालक' झालेला माणूस असल्या शंका काढत नाही. आमच्याकडे तासाला बाराशे भाडं मिळत होतं. डिझेल, ग्रीस, ऑइल, हेल्परची मजुरी, उधारी बुडते ती, हे सगळं वजा करून हातात पाचशे राहिले तर नशीब. म्हणजे नुसत्या हप्त्यासाठी महिन्याला १२८ तास काम पाहिजे. घर त्याच्या पुढे. हा हिशोब मी नंतर हॉस्टेलच्या टेरेसवर बसून केला. तेव्हा हप्ते सुरू झाले होते.

तिसरी गोष्ट, आणि इथेच खरा घोळ झाला, सर्व्हिसची. मशीन संक्रांतीला घरी आलं. पूजा झाली, हार घातला, गावात पेढे वाटले. पन्नास तास, शंभर तास, सगळं नीट. अडीचशे तासांची सर्व्हिस जवळ आली तेव्हा आप्पांनी २४० तासांनाच सेल्समनला फोन केला. "करतो मालक व्यवस्था." दोन दिवसांनी परत फोन. "गाडी निघाली मालक." गाडी आली तेव्हा मीटर २९० वर होता. हंगामात मशीन उभं कोण ठेवणार?

मे महिन्यात, ऐन शेततळ्यांच्या दिवसांत, हायड्रॉलिक पंपाचा दाब उतरला. बूम लोड घेईना. वॉरंटी होतीच, म्हणून आप्पा निवांत होते. पण उत्तर आलं की अडीचशेची सर्व्हिस चाळीस तास उशिरा झाली आहे, त्यामुळे क्लेम बसत नाही. आप्पा म्हणाले, मी तर वेळेत फोन केला होता. तिकडून विचारलं, कंप्लेंट नंबर? कंप्लेंट नंबर कुठला! कस्टमर केअरला फोन करायचा असतो, सेल्समनला नाही, हे आम्हाला माहीतच नव्हतं. आता त्यांना कुणी मालक म्हणत नव्हतं. "मशीन नंबर बोला," एवढंच.

गावातला फिटर आला, बघून गेला. जुनी मशीन्स तो डोळे झाकून खोलतो. पण एप्रिल २०२१ पासून चाकांच्या बांधकाम यंत्रांना सीईव्ही स्टेज ४ चे नियम लागू झाले आणि या मशीन्सच्या इंजिनांत कॉमन रेल, सेन्सर असली मंडळी आली. धूर कमी झाला, चांगलंच झालं. पण फिटर म्हणाला, "पंपाला हात लावतो, पण एरर आला तर लॅपटॉप त्यांचाच लागतो. आणि मी खोललं की तुमची वॉरंटी उरलीसुरली पण गेली." म्हणजे मशीन आपलं, रान आपलं, पण पाना त्यांचा!

सतरा दिवस मशीन उभं होतं. दिवसाला आठ तास धरले तर १३६ तास, म्हणजे ६८ हजार. बरोबर एक हप्ता गेला. त्या महिन्याचा हप्ता काकूंच्या भावाने भरला. आप्पा मला काही बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "तू तर सगळं विचारलं हुतंस की रं." ते वाक्य अजून रात्री आठवतं.

शेवटी मार्ग कसा निघाला? डीलरकडच्याच एका डिप्लोमावाल्या सर्व्हिस इंजिनिअरने हळूच सांगितलं, "फोनवर भांडू नका, लिहून पाठवा." मग मी आप्पांच्या मोबाइलमधली कॉल हिस्टरी, सर्व्हिस बुकाचं पान, मीटरचा फोटो असं सगळं जोडून कंपनीच्या विभागीय ऑफिसला मेल केला. तारखा, तास, कुणाला किती वाजता फोन केला, फक्त एवढंच. एकही विशेषण नाही. चार दिवसांत पंप फुकट मिळाला, मजुरी आणि गाडीभाडं आम्ही दिलं. निम्मा न्याय म्हणा. पण तो पंपाबद्दलच्या ज्ञानाने नाही, कागदाने मिळाला.

त्या निमित्ताने मी ग्राहक कायदाही वाचला. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक संरक्षण नाही, असं आपण ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. २०१९ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की केवळ पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेऊन वापरणारा माणूस ग्राहकच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हेच सांगितलं होतं. स्वतः रिक्षा चालवणारा, स्वतः ट्रक चालवणारा ग्राहक ठरतो, मदतीला एकदोन माणसं असली तरी चालतं. त्या खटल्यात मशीन घेणारी कंपनी मात्र ग्राहक ठरली नाही, कारण तिचा धंदा मोठ्या प्रमाणावरचा होता. आप्पा स्वतः लिव्हर धरतात. पन्नास लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाकडे जाते. म्हणजे दार होतं, फक्त आम्हाला ते दिसत नव्हतं.

आता कुणी म्हणेल, सेल्समन म्हणजे चोर. मला तसं वाटत नाही. त्याला महिनाअखेरीचं टार्गेट असतं, इन्सेंटिव्हवर त्याचंही घर चालतं. शंभर मशीन्स घेणाऱ्या कंत्राटदाराला डीलर स्वतः फोन करतो, त्याच्या साइटवर मेकॅनिक बसवून ठेवतो, कारण तो नाराज झाला तर शंभर मशीन्स जातात. आप्पा नाराज झाले तर एक जातं. ते एक मशीन म्हणजे डीलरच्या वहीत एक ओळ, आणि आमच्या घरात सगळी वही. हा फरक गोड बोलण्याने मिटत नाही. तो मिटवायला लहान गिऱ्हाइकाकडे एकच गोष्ट असते, ती म्हणजे लिहून घेणं. वॉरंटी किती तास की किती वर्षं, जे आधी होईल ते. होज, फिल्टर, दात, टायर त्यात येतात का? ब्रेकडाउन झाल्यावर किती तासांत माणूस येणार? विमा, आरटीओ नोंदणी, १८ टक्के जीएसटी आणि गावापर्यंतची वाहतूक क्वोटेशनमध्ये आहे की बाहेर? आणि सगळ्यात आधी, तेच मशीन वापरणाऱ्या तिघा मालकांना जाऊन भेटणं. शोरूमच्या चहापेक्षा त्यांच्या बांधावरचा चहा जास्त खरा असतो.

आणि आता मुद्दा आपला. आपल्या हॉस्टेलमध्ये निम्मी पोरं गावाकडची आहेत. कुणाच्या घरी ट्रॅक्टर येणार, कुणाच्या घरी हार्वेस्टर, कुणाच्या घरी बोअरची गाडी. घरचे आपल्याला 'इंजिनेर' म्हणून सोबत नेणार, आणि आपण शर्ट घालून टॉर्क विचारणार! आपल्याला मशीनचा प्रत्येक पार्ट शिकवतात, पण ते विकत कसं घ्यायचं हे चार वर्षांत एका तासालाही येत नाही. सरांना माझी विनंती आहे, एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात आपण रस्ता झाडतो, झाडं लावतो, ते चालू राहू दे. पण एक संध्याकाळ अशी ठेवा की गावातल्या लोकांनी आपापली क्वोटेशन्स आणि कर्जाचे कागद घेऊन यावं आणि आपण त्यांना खरा दर काढून द्यावा. न्यूटन-रॅफसनची उजळणीही होईल.

दुसरं, आपल्यातलीच काही पोरं उद्या टेबलाच्या पलीकडे बसणार आहेत. डीलर कॅम्पसला येतात, पॅकेज वाईट नसतं, आणि नोकरीची गरज कुणाला नाही? जरूर जा. मीही फॉर्म भरलाय, लपवत नाही. फक्त समोर एखादा माणूस अकरा वर्षं दुसऱ्याचं मशीन चालवून, बायकोचे दागिने मोडून आलेला असेल, तर त्याला मालक जरूर म्हणा. आणि मग सर्व्हिससाठी कुठल्या नंबरवर फोन करायचा तो त्याच्या बुकावर स्वतःच्या हाताने लिहून द्या. याला खर्च येत नाही. आमचे सतरा दिवस तेवढ्याने वाचले असते.

आप्पांचे हप्ते चालू आहेत. गेल्या महिन्यात फोन आला होता, शेजारच्या गावातला एकजण मशीन घेतोय, त्याला माझ्याशी बोलायचं होतं. आप्पा त्याला म्हणाले, "ह्यो आमचा इंजिनेर." मी या वेळी एचपीबद्दल काही बोललो नाही. म्हटलं, आधी क्वोटेशनचा फोटो पाठवा, आणि सही कशावरच करू नका.