मुलाम्याआधी मशागत

धान्याच्या व्यापाऱ्याने धातूच्या थेंबाविषयी लिहावे, हे वाचकांस काहीसे चमत्कारिक वाटेल. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारे आयुष्य गेले ते मूग-हरभऱ्याच्या पोत्यांत. तथापि अशा थेंबांनी आम्हांस जो धडा शिकविला, तो आपल्या व्यापारीबंधूंच्या उपयोगी पडावा, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

केलगेरी येथील आमच्या डाळ गिरणीतील एका यंत्राचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजला. नवा घेण्याऐवजी त्यावर वितळलेल्या धातूचा फवारा मारून झीज भरून काढण्याचे ठरले. शाफ्टवरील तेल काढणे, तो खरखरीत करणे आणि किंचित तापविणे, यांची मजुरी कारखानदाराने निराळी सांगितली. आम्ही घासाघीस करून नेमकी तीच कापली आणि ‘थर तेवढा जाड द्या’ म्हणून बजावले. ऐन हंगामात तो थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटला आणि गिरणी चार दिवस बंद पडली. दोष कारखानदाराचा नव्हे, आमच्या काटकसरीचा होता.

असे का व्हावे? चौकशीअंती कळले ते असे. फवाऱ्यातील थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या हिश्शाएवढा असतो. वेगवान पद्धतींत तो सेकंदाला कित्येकशे मीटर वेगाने येऊन आदळतो, चपटा होऊन पसरतो आणि सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत गोठून जातो. अशा चकत्या एकीवर एक बसून थर तयार होतो. थेंब बहुधा शाफ्टशी वितळून एकजीव होत नाही. गोठताना आकसून पृष्ठभागाच्या खाचाखोचांना धरून बसतो. खाचाच नसतील, अथवा मध्ये तेल व गंज असेल, तर त्याने धरावे कशास? शिवाय थंड पृष्ठभागावर दमटपणाचा अदृश्य पापुद्रा असतो. त्याची एकाएकी वाफ होते, आणि थेंब नीट चकती होण्याऐवजी फुटून त्याचे शिंतोडे उडतात. पृष्ठभाग योग्य तितका तापविलेला असला, म्हणजे चकती गोल व घट्ट बसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी स्वित्झर्लंडच्या मॅक्स उलरिख शूप यांनी ही विद्या प्रचारात आणली. भिंतीवर आदळून चपट्या झालेल्या शिशाच्या गोळ्यांवरून त्यांस ही कल्पना सुचली, असे सांगतात. परंतु यातील मर्म आपल्या दारच्या कल्हईवाल्यासही ठाऊक होते. तेथे कथील भांड्यावर वितळून पसरते, येथे थेंब आदळून बसतो, हा भेद खरा. तथापि भांडे घासल्या-तापविल्यावाचून आणि नवसागर फिरविल्यावाचून कल्हईवाल्याने कथलास कधी हात लावला आहे काय?

झिजलेला भाग टाकून नवाच घ्यावा, असे काही बंधू म्हणतात. ते आम्हांस पटत नाही. नीट केलेला मुलामा पैसा वाचवितो. मात्र मुलाम्याने झीज भरते, शाफ्टला बळ येत नाही. म्हणून चिरलेला शाफ्ट टाकूनच द्यावा, हेही ध्यानी असावे.

आमची सूचना एवढीच. काम देताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: तेल-गंज काढून कठीण कणांचा मारा केला काय, त्यानंतर विलंब न लावता फवारा मारला काय, आणि पृष्ठभाग किती तापविला. आपल्या धारवाडात धवलगिरीचे एस.डी.एम. अभियांत्रिकी महाविद्यालय १९७९ पासून आहे, २०१६ पासून आय.आय.टी.ही आहे. तेथील एखाद्या प्राध्यापकांस संघाने बोलावून गिरणीवाल्या सभासदांसाठी एक व्याख्यान ठेवावे. आणि बिलात पूर्वतयारीची ओळ दिसली, तर कृपा करून तिच्यावर काट मारू नये. आम्ही ती मारली होती. तिची किंमत चार दिवसांच्या बंद गिरणीने वसूल केली.