गांवचा जमाखर्च

पूर्वीं वर्षाचें धान्य भरून झालें म्हणजे घरांतील वडील माणसें कोठीशीं उभीं राहून हिशेब करीत. दाणे किती, खाणारीं तोंडें किती, पाहुणारावळा किती, हें पाहूनच पुढील लग्नकार्याचा बेत ठरे. आधीं आमंत्रणें धाडून मग कोठी उघडणाऱ्या गृहस्थास शेजारपाजारचे लोक काय म्हणाले असते, हें वाचकांस सांगावयास नको. गेल्या वर्षीं मूळ गांवीं ग्रामसभेस बसलों असतां याची आठवण झाली.

२०१५ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें जगापुढें सतरा ध्येयें ठेविलीं व २०३० ही मुदत ठरविली. सरकारी मराठींत त्यांस ‘शाश्वत विकास ध्येयें’ म्हणतात. (जें वाढतें तें शाश्वत कसें, असें संस्कृत शिकविलेल्या मनुष्याच्या मनांत येतें, परंतु तें असो.) आपला जुना शब्द योगक्षेम. नसलेलें मिळविणें तो योग, असलेलें राखणें तें क्षेम. आणि दोहोंची गांठ एकाच शब्दांत बांधलेली. ग्रामपंचायतींच्या सोयीसाठीं या सतरांचे नऊ विषय केले आहेत; जलसमृद्ध गांव, बालस्नेही गांव, स्वच्छ व हरित गांव इत्यादि. आमच्या आराखड्यांत तीं नांवें सुवाच्य अक्षरांत होतीं. त्यांच्याखालीं कामें मात्र कमान, सभामंडप व काँक्रीटचा रस्ता! विहिरींत पाणी किती, हें कोणी विचारलें नाहीं. मींही विचारलें नाहीं. त्याचें कारण पुढें सांगतों.

नगर (आतांच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजारची गोष्ट निराळी. तेथें पाऊस जेमतेम. वर्षास ४०० मिलिमीटर पडला तरी पुष्कळ. १९७२ च्या दुष्काळानंतर गांव मोडकळीस आला, माणसें मजुरीस बाहेर पडलीं. १९८९ सालीं पोपटराव पवार सरपंच झाले. डोंगरउतारावर समतल चर खणले, पाझर तलाव केले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. पैसा बहुतांशीं सरकारी योजनांचाच होता. श्रमदान गांवाचें, आणि कोणतें काम आधीं हा निर्णयही गांवाचा.

त्याहून कठीण गोष्ट पुढची आहे. पाऊस मोजून, विहिरींची पातळी पाहून, ग्रामसभेंत दरवर्षीं पाण्याचें अंदाजपत्रक मांडतात. प्रथम माणसांचें व जनावरांचें पिणें, मग इतर गरजा, कांहीं शिल्लक पुढील वर्षासाठीं, आणि राहील त्यावर रब्बीचीं पिकें. शेतीसाठीं कूपनलिका खणावयाची नाहीं. ऊस, केळीं लावावयाचीं नाहींत. म्हणजे ज्याच्या मळ्यांत पाणी आहे त्यानें शेजाऱ्याच्या घागरीसाठीं हात आंवरावयाचा. शेतांचे बांध जमिनीच्या वर असतात, खालच्या पाण्यास ते ठाऊक नसतात, हें त्या गांवानें ओळखलें. चारा वाढला, दुभतें वाढलें, गेलेलीं कुटुंबें परत आलीं.

आतां माझ्या मौनाचें कारण. आमच्या सामाईक शेतांत पुतण्यानें कूपनलिका खणून ऊस लाविला आहे. त्या उसाच्या पैशांतून घरांतील दोन मुलांचें शिक्षण झालें, आणि त्याच हंगामांत खालच्या आळीच्या विहिरीनें फाल्गुनांतच तळ गांठला. तेथील बायका टँकरची वाट पाहत बसतात. येत्या ग्रामसभेंत पाण्याचा आंकडा विचारणार आहें, असें पुतण्यास आगाऊ लिहिलें आहे. त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.